उत्तर मुरवणारे सर

सरांनी खाली पडलेली गोळी उचलली, तोंडात टाकली आणि चावली.

आमच्या अंगणात, पोळ्याच्या दिवशी, अर्धी गल्ली उभी असताना. खायची गोळी नव्हती ती. शेण, चिकणमाती, झिंक आणि हिराकस घालून वळलेली, हळदीच्या मुळाशी पुरायची खताची गोळी होती, लिंबाएवढी. सरांनी ती दाढेखाली धरली आणि कुत्रं हाड फोडतं तशी फोडली. आवाज सगळ्यांनी ऐकला. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, त्यांची गचांडी धरायला पुढे झाले होते, ते हात तसाच वर ठेवून थांबले.

सर चावत राहिले. मध्येच तळहातावर थुंकले, ते बोटानं पसरून पाहिलं आणि पुन्हा चावायला लागले. मग त्यांचे डोळे भरून आले, मान खाली गेली आणि मी सकाळी काढलेल्या रांगोळीवर ते भडाभडा ओकले. कोणी पुढे झालं नाही. मीही नाही. 

धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून ते म्हणाले, "माणूस ओकतो. बैल ओकत न्हाई. चुना आणा."

आमच्या लाल्याच्या आणि बांड्याच्या पोटात तसल्या टोपलीभर गोळ्या गेल्या होत्या. आमच्याकडे बैलांची ही एकच जोडी होती. हळदीची भरणी, म्हणजे गड्ड्यांना माती लावायचं काम, तोंडावर होती, आणि ती जोडी उंबऱ्यासमोर बाशिंग बांधून उभी होती.

हे सर आमचे भाडेकरू. नाव सांगत नाही, त्यांची मुलं आहेत, सुना आहेत. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले आणि हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता त्या सुमारास आमच्या कुरुंद्यात राहायला आले. का आले, तर म्हणे इथली हळद पिवळी पडते. मी म्हटलं, सर, हळद पिवळीच असती. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तर दारात येऊन म्हणाले, "कंद पिवळा पाहिजे बाई. पान न्हाई." आणि निघून गेले. मला आधी कळलंच नाही हा माणूस कशाबद्दल बोलतोय.

मग कळलं. त्यांना काहीही विचारा, उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. कधी आठवड्यानं. चहा घेता का विचारलं तरी गप्प. मी आपली कपबशी पुढे ठेवून द्यायची. ते कप हातात धरून बसायचे आणि चहा पार थंड झाला की प्यायचे. दुकानदारानं विचारलं, तेल किती देऊ, तर सर बाटली तिथंच ठेवून घरी यायचे आणि उद्या जाऊन सांगायचे, पाव किलो. गल्लीतली पोरं त्यांना मुद्दाम विचारायची, "सर, आज वार कोणता?" आणि दुसऱ्या दिवशी सर "सोमवार" म्हणाले की खिदळत पळायची, कारण तोवर मंगळवार झालेला असायचा.

त्यांचा एक शब्द होता, मुरू द्या. लोणचं मुरतं, पाणी मुरतं, तसं बोलणंही मुरायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "तोंडातून लगेच निघालेलं उत्तर म्हणजे उथळ जमिनीवरचा पाऊस. वाहून जातं."

एकदा त्यांची बायको आली होती. नांदेडला मुलाकडे राहायची, गोरीपान, तोंडाची फटकळ. मला तर आवडली. माझ्याजवळ शेंगा फोडत बसली आणि म्हणाली, "बाई, मला पाहायला आले तवा यांना विचारलं, मुलगी पसंत हाय का. हे उठून गेले. आमी समजलो, न्हाई म्हणून गेले. दुसरं स्थळ येऊन मला पाहून राहिलं होतं, तवा हे दारात. म्हणाले, व्हय."

"मग दुसऱ्या स्थळाचं काय झालं?"

"ते पोहे खाऊन गेले. मी पण काय येडी, याच माणसाला धरून बसले. आता पाणी मागितलं की उद्या मिळतं."

सर तिथंच ओसरीवर होते. हसले नाहीत, रागावले नाहीत. ऐकत होते. त्याचं उत्तर तिला कधी दिलं असेल ते देव जाणे.

आता त्यांच्या गोळ्यांचं सांगते. आमची जमीन काळी, भारी, पण चुनखडीची. त्यात हळदीला झिंक आणि लोह कमी पडतं. पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळट होत जातं. मग लोक वसमतहून पांढरी पावडर आणतात आणि फेकतात. थोडी चुनखडी धरून बसते, थोडी पावसानं ओढ्याला जाते. पान तसंच. मग आणखी फेकतात. सरांना याचा फार राग. म्हणायचे, "जमिनीची मूठ आवळलेली हाय. तिच्या हातात दिलं की गेलं. मुळाला पोचवायचं असंल तर जमिनीला कळू न देता, थोडं थोडं दिलं पाहिजे."

म्हणून ते झिंक आणि लोहासाठी हिराकस आधी कुजलेल्या शेणात मुरवत ठेवायचे. त्याचा वास सगळ्या घरात. मग चिकणमाती घालून गोळ्या वळायच्या, सावलीत वाळवायच्या आणि राळ आणि मेण पातळ करून त्यात बुडवून काढायच्या. वरचं कवच ओलीला हळूहळू सुटतं आणि आतलं महिनोन्‌महिने मुळाला मिळत राहतं. ओढ्याला काही जात नाही, विहिरीत काही उतरत नाही. मी त्यांना गोळ्या वळून द्यायची, हाताला सवय होती. मालक म्हणायचे, "खत हाय का लाडू? आमी पोतं फोडतो, फेकतो आन घरी येतो. हे एकेका झाडाला घास भरवून राहिले."

तरी मालकांनी त्यांना हळदीच्या दोन सऱ्या दिल्या. पहिल्या वर्षी गणपती बसेपर्यंत त्या सऱ्या बाकीच्यांइतक्याच पिवळ्या होत्या. लोक येऊन हसून गेले. मग गौरी उठल्यावर एक दिवस मी खुरपायला गेले आणि उभीच राहिले. सरांच्या सऱ्यांचं पान गर्द हिरवं, रुंद, केळीसारखं. काढणीला तिथलं कंदाचं पोट बाकीच्यांपेक्षा चांगलं भरलेलं निघालं. मी गड्डा उकरला तर मुळ्यांच्या जाळ्यात गोळी अजून अर्धी शिल्लक होती. ती हातात घेऊन मी सरांना दाखवली. ते काही बोलले नाहीत. उद्या बोलतील म्हणून मी सोडून दिलं.

पण त्याआधी एक प्रकार झाला होता. कुठल्या जमिनीत चुनखडी किती आहे हे पाहायला सर लिंबू घेऊन फिरायचे. ढेकळावर लिंबू पिळायचं आणि कान लावून बसायचं. चुनखडी असेल तर ढेकळावर बारीक फेस येतो, आवाज येतो. ते म्हणायचे, "ऐका, कशी चरफडून राहिली." पिळलेली लिंबं तिथंच बांधावर टाकून पुढे. दुसऱ्या दिवशी लोक शेतात गेले तर जिकडंतिकडं बांधावर कापलेली लिंबं. आमच्याकडे भानामतीची भीती किती, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. शेजारच्या शेतातली बाई छाती पिटत गावात आली. तिच्या म्हशीनं त्याच दिवशी दूध चोरलं होतं, पान्हाच सोडला नव्हता. लोक जमले. कोणी म्हणालं, ते आमच्या ओसरीवरचे सर लिंबं घेऊन फिरताना पाहिलेत.

सरांना विचारलं, "सर, लिंबं तुमी टाकली का?"

आता माणसानं तेवढं तरी लगेच सांगावं की नाही? सर गप्प. लोकांना वाटलं, गप्प म्हणजे कबूल. देवऋषी आणला, त्यानं बांधावर नारळ फोडले, कोंबडं घेतलं. सगळं उरकून लोक घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर मारुतीच्या पारावर जाऊन म्हणाले, "व्हय. मीच टाकली. चुनखडी पाहत होतो." म्हशीवाली बाई त्यांना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरांनी ते शांतपणे ऐकलं. तिच्या शिव्या संपल्यावर म्हणाले, "तुमच्या शेतात चुनखडी सगळ्यांत जास्त हाय."

मी त्या दिवशीच त्यांना म्हटलं होतं, "सर, एक दिवस तुमच्या ह्या मुरवण्यानं कुणाचा तरी जीव जाईल." मी काही पुढचं पाहून बोलले नव्हते. रागानं बोलले.

त्या पोळ्याच्या वर्षी सरांनी गोळ्यांत बदल केला. नुसत्या मातीच्या गोळ्या वाळताना तडकायच्या. म्हणून त्यांनी ज्वारीच्या पिठाची खळ आणि गुळाचं पाणी घातलं. गुळानं मातीतले जीव वाढतात म्हणाले. वरून राळ-मेणाचा हात दिला आणि उन्हात एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांवर पीठ भुरभुरलं. वळल्या मीच. वळतानाच मला दिसलं की हे तर उंडे झालेत. पोळ्याला आम्ही बैलांना ज्वारीच्या पिठाचे गूळ घातलेले गोळे चारतो, त्यांना उंडे म्हणतात. तोच रंग, तोच आकार, वासही जवळपास तोच.

आदल्या दिवशी खांदमळण होती. बैलांना ओढ्यावर धुऊन आणलं होतं. मालक त्यांच्या खांद्यांना तूप आणि हळद चोळत होते आणि रीतीप्रमाणे त्यांना म्हणत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी सरांना टोपली दाखवली.

"सर, ह्या हुबेहूब उंड्यावानी दिसून राहिल्या. एखाद्या जनावरानं खाल्ल्या तर?"

सरांनी गोळी हातात घेतली. माझ्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. त्यांना प्रश्न समजला होता, एवढं मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"उद्या सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, म्हणून सरांनी टोपली धाब्याच्या छतावरून उतरवली आणि ओसरीवर, गोठ्याच्या तोंडाशी ठेवली. मग खोलीत जाऊन पडले. मी चुलीपुढे पुरणाच्या पोळ्या करत होते. मालक बैल घेऊन मारुतीला गेले होते. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण सणाचं काही करू नका म्हटलं की रडायच्या.

वाजंत्री जवळ आली तशी मी उंड्यांची परात घेऊन बाहेर निघाले. माझे उंडे, मी केलेले, माझ्या परातीत. उंबऱ्यावर आले तर बैल दारात उभे, मालक बाजूला कोणाशी तरी हसत बोलत होते आणि आत्याबाई बैलांपुढे टोपली उलटी करून झटकत होत्या.

"खाल्लं माय माझ्या लेकरांनी," त्या म्हणाल्या. "सगळं खाल्लं. लाल्यानं तर माझी बोटंसुदिक चाटली."

परात माझ्या हातून पडली नाही. नुसती धरून उभी राहिले. मी मालकांना म्हटलं, "अहो, ते सरांचं खत होतं." ते म्हणाले, "कोणतं?" मी म्हटलं, "आत्याबाईनं चारलं ते." त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते आधी आईकडे पाहायला लागले. तेवढं पाहणं मला आजही नको वाटतं.

वाजंत्री थांबली. कोणी म्हणालं, डॉक्टरला आणा. दुसरा म्हणाला, जनावरांचा डॉक्टर पोळ्याला त्याच्या गावी गेला. सर आवाजानं उठून बाहेर आले, तशी मालकांनी त्यांना गाठलं.

"सर, काय हाय त्यात? जहर हाय का?"

सर टोपलीकडे पाहत होते.

"सर, मी तुमाला इचारून राहिलो. बैल मरतेत का जगतेत?"

"उद्या सांगतील," गर्दीतून कोणी बोललं. पोळ्याची पिऊन आलेला होता. एकदोघं हसलेही. तेव्हाच मालकांचा हात वर गेला, आणि तेव्हाच सरांनी खाली पडलेली गोळी उचलली. पुढचं सांगितलंच.

"चुना कशाला?" मालक ओरडले.

त्या दिवशी सर पहिल्यांदा लगेच बोलले. ओकून ओकून आवाज बसला होता, पण थांबले नाहीत. "लवकर ऐका. कवच पोटात टिकंल. दाढेखाली टिकत न्हाई, आत्ता पाहिलं. बैलानं घास गिळलाय, पण तो रवंथ करंल. पोटातलं वर आणून चावंल. तवा फुटंल. त्याच्या आधी पोटात चुन्याची निवळी गेली पाहिजे. चुना झिंकला धरतो. जमीन धरते तसा."

आयुष्यभर ज्या चुनखडीला शिव्या दिल्या, तीच हा माणूस आता मागत होता. पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात येणार? चुना कुठला आणायचा हाच प्रश्न. घरात भिंतीला द्यायचा चुना नव्हता. मग गल्लीतल्या बायांनी कमरेच्या चंच्या सोडल्या. पानाला लावायच्या चुन्याच्या डब्या, छोट्या छोट्या, पितळेच्या, जर्मनच्या. म्हशीवाल्या बाईनं पण तिची डबी आणून माझ्या हातावर आपटली आणि म्हणाली, "घे. लिंबू न्हाई हे." मी घागरीत सगळा चुना कालवला आणि वरचं पाणी निवळायची वाट पाहायला लागले. ते निवळत होतं तेवढ्या वेळात मी सरांना मनात काय काय म्हटलं ते मलाच माहीत.

मालक आणि आणखी चौघं मिळून बैलांना धरून होते. सर लाल्याच्या तोंडाशी उभे. "बसू देऊ नका. बसला की रवंथ करतो. चालवत राहा." म्हणून बैलांना अंगणात फिरवायला लागले. झूल अंगावर, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळ. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, काय हौस आहे. आत्याबाई कोपऱ्यात बसून विचारत होत्या, "काहून फिरवून राहिले रे? दमले असतील ते." त्यांना अजून कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

मीच सांगितलं. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला आणि तसाच ठेवला.

निवळी झाली. बांबूच्या नाळीनं आधी बांड्याला पाजली, कारण तो जवळ होता. तो सगळी प्याला. लाल्याकडे वळलो तर त्याचा जबडा हलत होता.

चालता चालता रवंथ. बैल असं सहसा करत नाही. लाल्या करत होता. लाल्या पहिल्यापासून खादाड, वैरण टाकली की बांड्याच्या वाट्याची पण ओढायचा. आत्याबाईंचा लाडका होता, म्हणून त्यांनी त्याला जास्त चारल्या होत्या. सरांनी त्याच्या तोंडात हात घातला, अगदी कोपरापर्यंत, आणि चावलेला घास बाहेर ओढला. त्यात राळेचे तुकडे होते. सर ते पाहत राहिले. हाताला दात लागून रक्त येत होतं.

मग लाल्याला पाजली. दुसरी घागर केली, पुन्हा दोघांना पाजली. सरांनी स्वतःही तांब्याभर निवळी तोंड वाकडं करत पिऊन टाकली. पुरणपोळ्या तशाच राहिल्या. गावात कोणी जेवलं असेल, आमच्या गल्लीत नाही.

त्यानंतरचे काही महिने सर बदलले होते. विचारलं की लगेच उत्तर द्यायचे. आणि प्रत्येक उत्तर चुकीचं. पाऊस येईल का म्हटलं की ते पटकन हो म्हणायचे आणि यायचा नाही. दुकानात गेले तर न लागणारा माल घेऊन यायचे. शेवटी दुकानदारच म्हणाला, "सर, तुमी आपले उद्या सांगत जा." हळूहळू ते परत पहिल्यासारखे झाले. गोळ्या मात्र त्यांनी पुन्हा पिठाच्या केल्या नाहीत. करडईच्या भुश्यात वळायचे, वर कडुनिंबाचं तेल आणि कपड्याला घालायची नीळ. निळ्याशार, कडूजहर. कुत्रंही हुंगायचं नाही. लोकांनी हळूहळू त्या हळदीला लावल्या. मालकांनी कधीच नाही.

मालक त्यांना खोली रिकामी करा म्हणणार होते. आत्याबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "चारलं मी. त्याला काढतोस तर मला पण काढ." मालकांनी खोली राहू दिली, पण त्यांनी सरांशी बोलणं सोडलं. सर रोज समोरून जायचे, हे मान वळवायचे. सर मेले तेव्हा मात्र तिरडीला खांदा द्यायला हेच पुढे होते. मी विचारलं नाही का ते.

मी सरांना एकच विचारलं होतं. त्या पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी. "सर, बैलांनी खाल्लं ते खाल्लं. तुमी ती गोळी काहून चावली?"

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही. मी समजले, याचं उत्तर देणार नाहीत. गावात लोकांनी आपापली उत्तरं तयार केली. कोणी म्हणे, जहर नाही हे दाखवायला. कोणी म्हणे, जीव द्यायला. म्हशीवाली म्हणाली, येडा हाय, बाकी काही न्हाई.

पुढच्या वर्षी काढणी झाली. मी कढईवर हळद शिजवत होते, वाफेनं डोळे मिटलेले. बाजूला कोणी येऊन बसलं. सर होते. काहीही आधी न बोलता म्हणाले, "मला माहीत नव्हतं बाई. ती गोळी पाण्यात किती टिकते ते पाहिलं होतं. मातीत पाहिलं होतं. दाढेखाली किती टिकते ते कधी पाहिलंच नव्हतं. तुमी विचारलं आदल्या दिवशी, तवा मला उत्तर ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या मालकांनी विचारलं, तवाही ठाऊक नव्हतं. आन बैलाच्या तोंडात पाहायला वेळ न्हवता. माझं तोंड जवळ होतं."

"मग खांदमळणीच्या दिवशी तेवढंच सांगायचं होतं, सर. मला ठाऊक न्हाई म्हणून."



"व्हय," म्हणाले. लगेच म्हणाले.

मी कढईखाली लाकूड सारलं.  या माणसाचा मला राग आहे की नाही हे मला अजून सांगता येत नाही. पण त्या दाढेचा आवाज अजून कानात आहे. हळद शिजताना कंद फुटतो त्याचाही आवाज तसाच येतो, आणि मी दर वेळी दचकते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना लाल्या बसला. उठवला तर उठेना. पातळ हगवण लागली होती, तोंडाला फेस, कान गार. डॉक्टर दुपारी आला, सुई दिली, सलाईन लावलं. चुना पाजला ते बरं केलं म्हणाला, पण याच्या पोटात आधीच सुटलंय. आत्याबाई लाल्याच्या तोंडाशी बसल्या होत्या, हात पदराखालीच. दिवस मावळायच्या आत लाल्या गेला. त्याच्या शिंगांचा हिंगूळ तसाच होता.

बांड्यानं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी प्याला. सर खोलीत ओकत पडले होते, मीच त्यांना ताक नेऊन द्यायची. ते पण उठले.

गोळ्या तिघांनी खाल्ल्या होत्या. लाल्या मेला. बांडा आणि सर जगले.